डब्लिनच्या पहिल्या महिला महापौर

आयर्लंडमधील १९१६ च्या ईस्टर उठावाची हकीकत सांगताना टॉम क्लार्क यांचे नाव अग्रक्रमाने येते; प्रजासत्ताकाच्या घोषणापत्रावर पहिली सही त्यांचीच होती. त्यांच्या पत्नी कॅथलीन यांचा उल्लेख मात्र बहुधा 'हुतात्म्याची विधवा' एवढ्यावरच आटोपतो. ज्या बाईने त्या घोषणापत्रातील शब्द आयुष्यभर स्वकीयांनाच वाचून दाखविले, तिची ही ओळख फारच अपुरी आहे.

कॅथलीन डॅली यांचा जन्म १८७८ साली लिमरिक येथे झाला. देशभक्ती त्यांना माहेरीच लाभली. इंग्रजांच्या कारावासातून सुटलेले चुलते जॉन डॅली पुढे लिमरिकचे महापौर झाले. १९१६ च्या मे महिन्यात ३ तारखेला पती आणि ४ तारखेला धाकटा भाऊ नेड यांना गोळ्या घालण्यात आल्या. पदरी तीन मुलगे असतानाही त्या दुःखात बुडून राहिल्या नाहीत. बंदिवानांच्या आणि मृतांच्या निराधार कुटुंबांसाठी त्यांनी साहाय्यनिधी उभा केला. त्याचे चिटणीस म्हणून त्यांनी तरुण मायकेल कॉलिन्स यांना नेमले. १९१८ साली त्यांना स्वतःलाही लंडनच्या हॉलोवे तुरुंगात जावे लागले.

शहरे व परगणे यांच्या कौन्सिलांत बसण्याचा हक्क आयरिश स्त्रियांना १९११ सालीच मिळाला होता. त्या वाटेने १९२० साली कॅथलीन डब्लिनच्या नगरपालिकेत निवडून आल्या, आणि १९३९ साली त्या शहराच्या पहिल्या महिला महापौर झाल्या. महापौरांच्या निवासातील राणी व्हिक्टोरियाची तसबीर त्यांनी तेथून हलविली, हा प्रसंग लोकांच्या स्मरणात राहिला. परंतु त्यांची खरी कसोटी त्यापूर्वीच लागली होती.

१९३५ साली ठराविक उद्योगांत स्त्रियांना काम करण्यास मनाई करण्याचा अधिकार मंत्र्यास देणारे विधेयक आले. ते आणणारे सरकार फियाना फॉलचे, आणि सिनेटर कॅथलीन त्याच पक्षाच्या. तरीही त्यांनी विरोध केला. घोषणापत्राने सर्व नागरिकांना समान हक्क व समान संधी यांचे अभिवचन दिले होते, हाच त्यांचा आधार. १९३७ च्या संविधानाने स्त्रीचे स्थान घरात मानले, तेव्हाही त्या गप्प राहिल्या नाहीत.

दोन्ही वेळा त्यांचा पराभव झाला. १९७२ साली त्या निवर्तल्या तेव्हा राष्ट्राने त्यांना शासकीय इतमामाने निरोप दिला. मात्र विवाह होताच स्त्रीला सरकारी नोकरी सोडावयास लावणारा नियम अद्याप जारी होता. तो १९७३ साली गेला. संविधानातील ते कलम बदलण्याचा प्रस्ताव मात्र २०२४ च्या सार्वमतात फेटाळला गेला. ज्या राष्ट्राने त्यांच्या शवपेटीला मानवंदना दिली, त्याच्यापाशी त्यांचे हे मागणे अजून शिल्लकच आहे.