हरणांची सवय आणि वायूच्या विहिरी

उद्योगांच्या सान्निध्यात वन्य पशू कालांतराने रुळतात, हा समज खनिज-उद्योगास सोयीचा होता. त्याची कसून परीक्षा झाली ती अमेरिकेतील वायोमिंग राज्यात. तेथील म्यूल डियर या लांब कानांच्या हरणांचे कळप उन्हाळा डोंगरांत घालवून हिवाळ्यात पाइनडेल गावाजवळच्या झुडपाळ पठारावर उतरतात. या पठाराच्या पोटात नैसर्गिक वायू आहे. २००० साली संघीय शासनाने तेथे मोठ्या प्रमाणावर विहिरी खणण्यास संमती दिली.

वायोमिंग विद्यापीठात पदव्युत्तर संशोधन केलेले हॉल सॉयर आणि त्यांचे सहकारी यांच्यापाशी १९९८ पासूनची, म्हणजे या विहिरींपूर्वीचीही, नोंद होती. ही पूर्वनोंद हेच या अभ्यासाचे खरे बळ होय. गळ्यात पट्टे बांधलेल्या माद्यांच्या हालचालींवरून २००६ साली त्यांनी दाखवून दिले की, हरणे पहिल्याच वर्षी विहिरींपासून दूर सरली आणि पुढील दोन वर्षांत अधिकच दूर गेली.

परंतु तीन वर्षांवरून सवयीचा निर्णय कसा करावा? मालमोटारींऐवजी नळांवाटे द्रवपदार्थ वाहून नेल्यास हानी घटते, असे २००९ च्या त्यांच्याच निबंधात दिसून आले होते. तेव्हा काळ आणि उपाययोजना यांनी प्रश्न सुटेल, अशी आशा बाळगण्यास जागा होती.

२०१७ साली प्रसिद्ध झालेल्या सतरा वर्षांच्या अभ्यासाने ही आशा फोल ठरविली. पूर्वीच्या मानाने हरणे विहिरींपासून सरासरी ९१३ मीटर अधिक दूर राहत होती. बहुतेक विहिरींचे खोदकाम संपल्यावरही हे अंतर मिटले नाही. शिकार ४५ टक्क्यांनी कमी करूनही कळपांची संख्या ३६ टक्क्यांनी घटली. कडक हिवाळ्यात मात्र हरणे विहिरींच्या काहीशी जवळ येत. परंतु ही सवय नव्हे, निरुपाय म्हणावा लागेल.

याच विद्यापीठातील सामंथा ड्विनेल यांच्या २०१९ च्या निबंधाने या घटनेची आणखी एक बाजू उघड केली. विहिरींच्या आसपास चारा शिल्लक असूनही हरणे तो पुरता खात नाहीत. म्हणजे विहिरीखाली गेलेल्या भूमीपेक्षा भीतीने गमावलेली भूमी अधिक ठरते.

विहिरींना संमती देताना मोजली जाते ती पहिली भूमी. दुसरीचे मोजमाप खोदकामापूर्वीच्या नोंदीवाचून होऊ शकत नाही, आणि ती नोंद मागाहून करता येत नाही.