‘आज तुम्ही ४१२ रुपये वाचवले’

महिन्यातून एकदा मी सुपरमार्केटात जातो. बिलाच्या तळाशी एक ओळ छापलेली असते : ‘आज तुम्ही ४१२ रुपये वाचवले.’ आकडा बदलतो, ओळ तीच. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. बिलं फेकून न देता एक्सेलमध्ये भरून ठेवायची खोड आहे. गेल्या वर्षाच्या शेवटी या ओळींची बेरीज केली, तर बारा महिन्यांत मी पाच हजारांच्या आसपास ‘वाचवले’ होते. त्याच बारा महिन्यांत किराण्याचा खर्च मात्र आदल्या वर्षापेक्षा बराच वाढला होता. घरात माणसं तेवढीच, दोन. महागाई धरूनही हिशेब जुळेना. मग वाचवलेले पैसे गेले कुठे?

उत्तर शोधायला बसलो आणि इतिहासात शिरलो. कारण ‘वाचवले’ हा आकडा एका वजाबाकीतून येतो : छापील किंमत वजा आपण दिलेली किंमत. ही छापील किंमत, म्हणजे एमआरपी, आपल्याला सूर्य-चंद्रासारखी कायमची वाटते. प्रत्यक्षात तिचं वय माझ्यापेक्षा थोडंसंच जास्त आहे.

पाकीटबंद मालावर वजन आणि किंमत छापण्याचे नियम १९७७ साली आले. त्यात उत्पादकांना एक पळवाट होती. किंमत छापून पुढे ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिता यायचं. कर नेमका किती, हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसे, आणि दुकानदार वाटेल तेवढा लावी. १९९० साली ही पळवाट बुजवली गेली. सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं सक्तीचं झालं. यातला ‘कमाल’ हा शब्द महत्त्वाचा. एमआरपी हे छप्पर होतं, त्याच्या वर कुणी जाऊ नये म्हणून घातलेलं. पण ती किती ठेवायची, हे बहुतेक मालाच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो. छप्पर उंच बांधलं की खाली सवलतीला हवी तेवढी जागा मिळते. गिऱ्हाइकाच्या रक्षणासाठी आणलेला आकडा अशा रीतीने सवलतीची मोजपट्टी होऊन बसला.

मग एमआरपी नव्हती तेव्हा लोक स्वस्त कसं घ्यायचे? हा प्रश्न मी आजीला विचारला. ती म्हणाली, “एकट्यानं कुणाला स्वस्त मिळतं का रे?”

या एका वाक्यात दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा इतिहास आहे. १८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात २८ जणांनी, त्यात बरेचसे विणकर, पैसे जमवून एक दुकान काढलं. माल मोजकाच : लोणी, साखर, पीठ, ओटचं पीठ, मेणबत्त्या. गावातल्या दुकानांत भेसळ आणि उधारी दोन्ही होत्या. यांनी ठरवलं, माल शुद्ध, वजन चोख, व्यवहार रोख. भाव बाजारातलाच, पण जो नफा उरेल तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत. आज ॲपवर जमा होणाऱ्या पॉइंटांचे हे खापरपणजोबाच म्हणायचे. फरक एवढाच, की तिथे दुकानही गिऱ्हाइकांचंच होतं.

मुंबईच्या गिरणगावात हीच कल्पना स्वातंत्र्यानंतर लगेच रुजली. महिन्याच्या पगारावर जगणारा गिरणी कामगार वाण्याच्या उधारीत अडकलेला असे, आणि उधारीवर घेणाऱ्याला भाव विचारायची सोय नसते. १९४८ साली नायगावात कामगारांची ग्राहक सहकारी संस्था सुरू झाली. तीच पुढे ‘अपना बाजार’ म्हणून घराघरांत पोचली.

आजीची गोष्ट यानंतरची. १९७२ साली ती गोरेगावात राहत होती, वय साधारण आज माझं आहे तेवढंच. राज्यात दुष्काळ, रेशनला रांगा, तेल, साखर, रॉकेल मिळायची मारामार. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते, तारा रेड्डी या वेगवेगळ्या पक्षांतल्या बायकांनी मिळून महागाईविरोधी समिती उभी केली. हातात लाटणी घेऊन हजारो गृहिणी रस्त्यावर उतरल्या. आजीही एका मोर्चाला गेली होती. “लाटणं नवं नेलं होतं,” ती सांगते, “घरचं हरवलं तर पोळ्या कशाने लाटणार?”

मोर्चाने आवाज मिळाला, पण रोजचा डबा भरायचा प्रश्न उरलाच. १९७५ साली बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने मुंबई ग्राहक पंचायत सुरू झाली. संगीतकार सुधीर फडके यांनीही या कामाला हातभार लावला. पंचायतीची वाटप पद्धत मला इंजिनिअर म्हणून फार आवडते. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा. पुढच्या महिन्याला काय लागेल त्याची मागणी आधीच लिहून द्यायची. सगळ्या संघांची मागणी एकत्र करून घाऊक खरेदी व्हायची. माल एका घरी उतरायचा आणि संघातल्या लोकांनी तो आपसांत वाटून घ्यायचा. शोरूम नाही, विक्रेते नाहीत, पडून राहणारा साठा नाही. किती विकलं जाईल याचा अंदाज बांधायला आज कंपन्या मोठमोठी मॉडेल चालवतात. इथे अंदाजाची गरजच नव्हती, लोकांनी ते आधीच लिहून दिलेलं असायचं.

आजीच्या संघात चौदा घरं होती. माल यायच्या दिवशी घरात सतरंज्या अंथरल्या जात. कुणाकडे बारसं, कुणाकडे आजारपण, सगळं त्याच दिवशी कळे. आणि एक गोष्ट तिने सहज सांगितली : महिनाभर आधी यादी द्यायची म्हणजे काय लागतं याचा विचार घरी बसून करावा लागायचा, दुकानात उभं राहून नाही. माझ्या पाच हजारांचा पत्ता मला इथे लागला. एक्सेलमध्ये परत पाहिलं. ‘दोनवर एक फ्री’ म्हणून आणलेली तीन सॉसची बाटली, अर्धवट राहिलेले ओट्स, मुदत उलटलेला मसाला. जे घ्यायचंच नव्हतं त्यावर मी सवलत मिळवत होतो.

पुढचा धागा गमतीचा आहे. १९९९ च्या सुमारास राधाकिशन दमाणी यांनी नेरूळला ‘अपना बाजार’ची फ्रँचायझी चालवून पाहिली. २००२ मध्ये पवईत डीमार्टचं पहिलं दुकान निघालं. त्यांचं गणित आजीला नवं वाटलं नसतं : घाऊक खरेदी करा, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते करा, शक्यतो स्वतःच्या जागेत दुकान चालवा म्हणजे भाडं वाचतं, आणि त्यातून भाव उतरवा. दुकान खाजगी, पण आपल्याला मिळणारी स्वस्ताई शेवटी हजारो लोकांच्या एकत्र मागणीतूनच येते. बदललं ते इतकंच, की ती मागणी आता आपण एकमेकांशी बोलून एकत्र करत नाही.

आता मी दोन गोष्टी करतो. यादी घरी करतो आणि तिच्याबाहेरचं घेत नाही. दुसरं, भागाकार करतो. अर्धा किलोचा पुडा ९५ रुपयांना आणि किलोचा ‘फॅमिली पॅक’ १९९ ला असेल, तर मोठा पुडा किलोमागे नऊ रुपयांनी महाग पडतो. नियमांमुळे पाकिटावर ग्रॅममागे किंवा किलोमागे दरही छापलेला असतो. तो बघाच. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असतो. सवलतीनंतरचा हिशेब आपला आपणच करायचा.

आजीचा संघ आता नाही. इमारत पुनर्विकासाला गेली, माणसं पांगली. गेल्या महिन्यात मी आमच्या मजल्यावरच्या चार घरांत विचारलं, तांदळाचं पोतं मिळून आणायचं का? तीन घरं तयार झाली. किलोमागे सहा रुपये वाचले. पोतं आमच्याच हॉलमध्ये फोडलं. दोन वर्षं समोर राहणाऱ्या काकूंचं नाव मला त्या दिवशी कळलं.