जुन्या वहीचे रकाने

व्यापाऱ्याने वही आखताना रकमेच्या रकान्यात चारच आकडे मावतील एवढी जागा ठेवली, तर ९९९९ रुपयांपर्यंत त्या वहीचे काही अडत नाही. दहा हजारांची पहिली उलाढाल झाली, की मात्र अडचण उभी राहते. आलेला पैसा खोटा नसतो, वहीही फाटलेली नसते. परंतु ती रक्कम त्या वहीत लिहिता येत नाही. जुन्या संगणकाला नवी, बाहेरून जोडावयाची हार्ड डिस्क लावली असता जो घोटाळा पुष्कळदा होतो, त्याचे मूळ अशाच एका रकान्यात असते.

हा घोटाळा अनेक रूपांनी दिसतो. नव्या संगणकावर बिनतक्रार उघडणारी तीन-चार टेराबाइटांची डिस्क वीस वर्षांपूर्वीच्या यंत्राला जोडली की ते यंत्र कधी तिची दखलच घेत नाही. कधी डिस्कमधून टक्‌टक् असा आवाज येतो आणि ती थांबते. तर कधी पडद्यावर प्रश्न उमटतो, की ही डिस्क फॉरमॅट केलेली नाही, आता करावयाची काय? यांतील तिसरे रूप सर्वांत घातक होय. संगणकच विचारीत आहे म्हणून माणूस होकार देतो, आणि डिस्कवरील फायलींची सूची नाहीशी होते. मग घरातील लग्नकार्यांची छायाचित्रे असोत, शाळेचे दाखले असोत वा ग्रंथालयाने जपलेल्या जुन्या अंकांच्या प्रती असोत, त्या परत मिळतीलच याची शाश्वती उरत नाही. वस्तुतः डिस्क निर्दोष होती आणि यंत्रही निर्दोष होते. दोष कोठे होता, हे इतिहासच सांगू शकतो.

हार्ड डिस्कचा जन्म १९५६ सालचा. आयबीएम कंपनीने त्या वर्षी रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्याच्या साठवणीच्या भागात २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या एकाच आसावर फिरत, आणि त्या साऱ्या मिळून ५० लाख अक्षरे सामावून घेत. वजन एक टनाच्या घरात होते. त्या काळी अशी डिस्क एका यंत्रातून काढून दुसऱ्याला जोडण्याचा विचारही कोणाच्या मनात येण्याचे कारण नव्हते. जेथे एकच यंत्र आणि त्याचीच तबकडी, तेथे परस्परांशी जमण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

तो प्रश्न घरगुती संगणकाबरोबर आला. १९८३ च्या मार्च महिन्यात आयबीएमने एक्सटी हा संगणक बाजारात आणला. त्यात १० मेगाबाइटांची हार्ड डिस्क होती. त्याबरोबरच आलेल्या डॉस प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीने डिस्कच्या आरंभी एक लहानसा तक्ता लिहिण्याची प्रथा घातली. डिस्कचे भाग किती, प्रत्येक भाग कोठे सुरू होतो आणि केवढा आहे, याची नोंद त्या तक्त्यात असे. तक्त्याला ओळी चारच. डिस्कवरील मजकूर ५१२ बाइटांच्या तुकड्यांत लिहिला जात असल्याने मोजणी तुकड्यांची होती. आणि तुकड्यांच्या संख्येसाठी ३२ बिटांचा, म्हणजे ३२ द्विमान अंकांचा, रकाना आखलेला होता.

३२ बिटांत ४ अब्ज २९ कोटी ४९ लाख ६७ हजार २९६ इतके तुकडे मोजता येतात. प्रत्येक तुकडा ५१२ बाइटांचा धरला, तर ही मर्यादा सुमारे २.२ टेराबाइट होते. एक टेराबाइट म्हणजे एक लाख कोटी बाइट. ज्या वर्षी डिस्क १० मेगाबाइटांची होती, त्या वर्षी तिच्या दोन लाखपटींहून अधिक जागा मोजता येईल असा रकाना आखणाऱ्यांना कोणी संकुचित दृष्टीचे म्हणणार नाही. तरीही २०१० साली ३ टेराबाइटांच्या डिस्का विक्रीस आल्या, आणि अवघ्या सत्तावीस वर्षांत तो रकाना अपुरा पडला.

त्यापूर्वीही अशा भिंती आड आल्या होत्या, आणि त्यांपैकी एकीची कथा बोधप्रद आहे. संगणकाच्या अंगभूत आज्ञावलीला बायोस म्हणतात. बायोस डिस्कवरील ठिकाण तीन आकड्यांनी सांगत असे: वर्तुळ, वाचकशीर्ष आणि तुकडा. तिच्या हिशेबात वर्तुळे १०२४, शीर्षे २५६ आणि तुकडे ६३ मावत. डिस्क आणि संगणक यांना जोडणाऱ्या एटीए या पद्धतीतही हेच तीन आकडे होते. पण तिने वर्तुळांना ६५,५३६ पर्यंत मोकळीक देऊन शीर्षे मात्र १६ वरच थांबविली होती. बायोस एकटी ८.४ गिगाबाइटांपर्यंत पोहोचली असती. एटीए तर १३६ गिगाबाइटांच्याही पुढे. परंतु दोघींनी मिळून काम करावयाचे म्हणजे प्रत्येक बाबतीत जी अधिक कंजूष, तिचेच चालावयाचे. १०२४ वर्तुळे, १६ शीर्षे आणि ६३ तुकडे यांचा गुणाकार केला म्हणजे ५२ कोटी ८४ लाख ८२ हजार ३०४ बाइट होतात. त्यापुढील जागा डिस्कमध्ये असूनही संगणकाला दिसत नसे. दोन उदार माणसांच्या करारातून दारिद्र्य निर्माण व्हावे, असा हा प्रकार होता.

१९९० नंतरच्या दशकात यावर तोड निघाली ती दुभाष्याची. बायोसने शीर्षांची संख्या वाढवून व वर्तुळांची घटवून आकड्यांचे भाषांतर करावयाचे, असे ठरले. आणि पुढे हे तीन आकडे सोडून प्रत्येक तुकड्याला सरळ एकच अनुक्रमांक देण्याची रीत रूढ झाली. पण त्या अनुक्रमांकासाठी एटीए पद्धतीत २८ बिटांचाच रकाना होता. त्यामुळे १३७ गिगाबाइटांवर नवी भिंत उभी राहिली. ती ४८ बिटांच्या रकान्याने पाडली. २००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीला मोठा रकाना मूळ रूपात वापरता येत नव्हता. २००२ च्या पहिल्या सुधारणासंचाने ती सोय करून दिली.

डिस्क संगणकाच्या पोटात होती तोवर हे प्रश्न कारागिरापुरतेच राहिले. ती हातात घेऊन कोठेही जोडता येऊ लागली, ते यूएसबीमुळे. सात कंपन्यांनी मिळून ठरविलेली ही जोडणी १९९६ साली प्रथम प्रसिद्ध झाली. इंटेल कंपनीत तिच्या रचनेचे नेतृत्व करणाऱ्या अजय भट्ट यांचे अभियांत्रिकीचे शिक्षण बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात झाले होते. सयाजीराव गायकवाडांच्या नावाने १९४९ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठाचा विद्यार्थी जगातील बहुतेक संगणकांच्या जोडणीशी निगडित आहे, याचे अगत्य बडोदेकर मराठी मंडळींना वाटल्यास नवल नाही.

यूएसबीच्या आवृत्त्या एकामागून एक आल्या, तरी खोबणीचा नेहमीचा चपटा आकार तोच ठेवण्यात आला. नवी डिस्क जुन्या खोबणीत बसते ती या धोरणामुळे. मात्र खोबणीत बसणे निराळे आणि कामास लागणे निराळे. आरंभीच्या यूएसबीचा वेग सेकंदाला १२ मेगाबिट होता. त्या वाटेने सेकंदास एक मेगाबाइट या गतीने एक टेराबाइट मजकूर न्यावयाचा, तर साडेअकरा दिवस अखंड लागतील. २००० सालच्या दुसऱ्या आवृत्तीने वेग ४८० मेगाबिटांवर नेला आणि तेच काम आठ-नऊ तासांच्या आटोक्यात आले. २००८ च्या तिसऱ्या आवृत्तीने तो आणखी दसपट केला. विजेचीही गोष्ट तशीच. दुसऱ्या आवृत्तीची खोबण ५०० मिलिअँपिअर वीज देण्यास बांधलेली आहे, तिसरीची ९००. तबकडीला स्थिर अवस्थेतून फिरते करताना विजेची ओढ क्षणभर वाढते. ती ओढ जुन्या खोबणीला पेलली नाही, म्हणजे तबकडी फिरू लागते, पुन्हा थांबते, आणि तो टक्‌टक् आवाज ऐकू येतो. डिस्क मेली असे समजून पुष्कळ लोक येथेच तिचा नाद सोडतात. वास्तविक ती बिचारी उपाशी असते.

आता पुन्हा २.२ टेराबाइटांच्या मर्यादेकडे वळू. तिच्यावर जो उपाय निघाला, त्याला जीपीटी म्हणतात. इंटेलने १९९० नंतरच्या दशकाच्या अखेरीस आखलेल्या या नव्या तक्त्यात ६४ बिटांचा रकाना आहे. त्याच्या कर्त्यांनी एक सौजन्य दाखविले, ते नमूद केले पाहिजे. नव्या तक्त्याच्या आधी, जुन्याच जागी, त्यांनी जुन्या लिपीत एक राखणदार ओळ लिहिण्याचे ठरविले. तिचा अर्थ एवढाच, की ही डिस्क रिकामी नाही, हिला हात लावू नये. विंडोज एक्सपीच्या प्रचलित ३२-बिटी आवृत्तीला नवा तक्ता वाचता येत नाही. पण ही ओळ समजते, आणि ती आपल्या डिस्कच्या यादीत त्या जागेस संरक्षित म्हणून दाखविते. २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून नवा तक्ता सर्रास वाचला जाऊ लागला.

दुसरा उपाय काही बाहेरच्या डिस्कांच्या डबीत दडलेला असतो. डबीतील लहान मंडल ५१२ बाइटांचे आठ तुकडे एकत्र करून ४०९६ बाइटांचा एकच तुकडा असल्याचे संगणकाला भासविते. तुकडा आठपट झाला म्हणजे जुन्याच रकान्यात आठपट जागा मावते, आणि एक्सपीसारखी प्रणालीही मोठी डिस्क वापरू शकते. हा दुभाषी चांगला खरा. पण डबी मोडली म्हणून आतील डिस्क काढून थेट संगणकात बसविली, की दुभाषी निघून जातो. मग सारे आकडे चुकतात, आणि भरलेली डिस्क कोरी भासून पुन्हा तोच फॉरमॅटचा प्रश्न समोर येतो.

शेवटी लिपीचा भेद उरतो. तक्ता वाचता आला, तरी फायली ज्या पद्धतीने मांडल्या आहेत ती संगणकाला ठाऊक हवी. १९९६ साली आलेली फॅट-३२ ही पद्धत जवळजवळ सर्वत्र वाचली जाते, पण तीत ४ गिगाबाइटांची फाइल मावत नाही. ती अडचण दूर करणारी एक्सफॅट २००६ मध्ये आली. एक्सपीला ती वाचता यावी म्हणून २००९ मध्ये वेगळी जोड द्यावी लागली. ॲपलने २०१७ मध्ये आणलेली एपीएफएस पद्धत तर त्याच कंपनीच्या जुन्या संगणकांनाही उलगडत नाही.

या इतिहासातूनच तपासणीचा क्रम आपोआप सिद्ध होतो: आधी वीज, मग जोडणी, मग मोजणी आणि शेवटी लिपी. डिस्क फिरत नसेल, तर तिला स्वतंत्र वीज देणारा हब किंवा दोन खोबणींतून वीज घेणारी केबल वापरून पाहावी. फिरत असूनही यंत्राला तिचा पत्ता लागत नसेल, तर केबल बदलावी आणि तीच डिस्क एखाद्या नव्या संगणकावर उघडते का हे पाहावे. पत्ता लागला, तर डिस्कच्या यादीत आकार किती दिसतो तो वाचावा. तीन टेराबाइटांची डिस्क ७४६ गिगाबाइटांची दिसली, तर मोजणीचा रकाना भरून पुन्हा शून्यापासून सुरू झाला आहे, असे ओळखावे. चार आकड्यांच्या रकान्यात १२३४५ लिहू गेल्यास २३४५ च उरावेत, तशातला हा प्रकार आहे. आकार बरोबर असून फायली दिसत नसतील, तर अडचण बहुधा तक्त्याची किंवा लिपीची आहे.

निदान झाल्यावर उपाय अवघड नाही. नव्या संगणकावर डिस्कवरील सर्व मजकूर प्रथम अन्यत्र उतरवून घ्यावा. त्यानंतरच जुन्या यंत्राला समजेल अशा तक्त्याने व लिपीने, २ टेराबाइटांच्या आतील भाग पाडून, ती नव्याने मांडावी. तेही नको असेल, तर डिस्क नव्या संगणकालाच जोडून ठेवावी आणि जुन्याने ती नेटवर्कवरून वाचावी. मग तक्ता कोणता आणि लिपी कोणती याची उठाठेव नवा संगणक करतो. जुन्याला फक्त फाइल मिळते. आणि यांपैकी काहीही होईपर्यंत, फॉरमॅट करावयाचे काय या प्रश्नाला उत्तर एकच असावे: नाही.

प्रत्येक पिढी आपल्या गरजेपुरती वही आखते, आणि पुढील पिढीला ती तोकडी पडते. यात लाजिरवाणे काही नाही. जुन्या वहीत न मावणारी रक्कम खोटी समजून फेकून देणे, हेच तेवढे टाळावयास हवे.