अंगणवाडी या शब्दाची कुळकथा

अंगणवाडी हा शब्द धाडमध्ये कोणाला समजावून सांगावा लागत नाही. खिचडी मिळते ती, वजन करतात ती, लस टोचायला नेतात ती. एवढे कोणतेही पोर सांगेल. परंतु हा शब्द जन्मला तेव्हा त्यात खिचडी नव्हती आणि तराजूही नव्हता. मग काय होते, हे पाहण्यासाठी आज आम्ही श्रोत्यांना समुद्रकाठच्या बोर्डीपर्यंत नेणार आहोत.

त्याआधी आमच्या गल्लीतल्या एका मुलाविषयी सांगितले पाहिजे. पोळ्याला डफडे वाजू लागले की हा कानांवर हात दाबून उतरंडीमागे जाऊन बसे. नवा सदरा अंगात घातला की ओरबाडून काढी. कोरड्या भाकरीखेरीज काही खात नसे. घरच्यांनी बाधा म्हणून त्याला सैलानीला नेले, ताईत बांधला. कोणाच्या श्रद्धेला बोट लावण्याचा आमचा हेतू नाही. आईबापांना दुसरे दार ठाऊकच नव्हते. शाळेत तो मठ्ठ ठरला आणि भिंतीशी बसला. आम्ही इतर मुले मुद्दाम त्याच्या कानाशी डबा बडवीत असू. त्याला नेमके काय होत होते, असा प्रश्न गल्लीत कोणी विचारला नाही, आम्हीही नाही.

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांची परंपरा दोन शतकांची आहे. १८०० साली फ्रान्समधील आव्हेरों भागात रानात एकटा वाढलेला एक मुलगा सापडला. भलेभले त्याला जन्माचा वेडा म्हणून मोकळे झाले. इटार्ड नावाचा तरुण वैद्य मात्र त्याच्यापुढे बसला. याच्या कानाला काय ऐकू येते, त्वचेला ऊन की गार हे कळते काय, हे तो रोज पाही आणि टिपून ठेवी. मुलगा बोलू लागला नाही. त्या अर्थी प्रयोग फसला. पण मुलाला नाव ठेवण्यापूर्वी त्याच्या इंद्रियांची विचारपूस करावी, ही रीत त्या खोलीत सुरू झाली. सेगँ यांनी ती पुढे चालविली. मंदबुद्धी म्हणून टाकलेल्या मुलांत काम करताना मारिया माँटेसरी या इटालियन डॉक्टरीण बाईंनी त्या दोघांचे लेखन अभ्यासले आणि १९०७ मध्ये रोमच्या एका गरीब वस्तीत बालगृह काढले. खरखरीत आणि गुळगुळीत, जड आणि हलके, नाद आणि शांतता, असे एकेक संवेदन वेगळे काढून त्यांनी मुलाच्या हाती दिले. आपल्या अंगणवाडीचे आजोळ हे असे वेड्या ठरविलेल्या मुलांच्या घरी आहे!

भावनगरचे गिजुभाई बधेका हे मूळचे वकील. वकिली सोडून ते शिक्षणात आले आणि १९२० मध्ये त्यांनी बालमंदिर काढले. तेथे १९२३ मध्ये ताराबाई मोडक दाखल झाल्या. ताराबाई या मुंबईच्या, जन्म १८९२ चा. पण लग्नानंतर काही वर्षे त्यांनी अमरावतीस काढली, तेव्हा वऱ्हाडाचाही त्यांच्यावर थोडा हक्क आहे. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ निघाला आणि मुलांचा हट्ट, भीती, रुसवा यांवर गंभीरपणे लिहिणे-बोलणे सुरू झाले. हट्ट मोडायचा नसतो, त्याचे कारण शोधायचे असते, हे मोठ्या माणसांना पटविणे तेव्हा सोपे नव्हते, आजही नाही.

तरी बालमंदिर हे शहरातल्या सुखवस्तू घरांचेच राहिले. साधने महाग, शिक्षिका थोड्या. १९४५ मध्ये ताराबाई बोर्डीला गेल्या, आणि अनुताई वाघ ही पुण्याची शिक्षिका, लहान वयात वैधव्य आलेली, त्यांना येऊन मिळाली. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुले येईनात. शोध घेतला तेव्हा कळले की चार-पाच वर्षांच्या पोराच्या कडेवर त्याहून धाकटे भावंड असते. ते टाकून ते येणार कसे? तेव्हा मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडीने मुलाच्या अंगणात जावे, असे ठरले. तीच अंगणवाडी. शिक्षिकेने प्रथम मुलांना न्हाऊ घालायचे, नखे काढायची, मग खेळ. परदेशी साधनांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने, पिसे आली. १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली मुलांमध्ये चालले. तेथे धाकट्यांसाठी पाळणाघर काढले आणि गुरे राखणाऱ्यांसाठी कुरणशाळा.

आमच्या मते या सर्व इतिहासात हा शोध सर्वांत मोठा. इटार्डने मुलाच्या कानाकडे पाहिले. बोर्डीला त्या दोघींनी मुलाच्या कडेवर काय आहे तेही पाहिले. कापूस वेचणीच्या दिवसांत धुऱ्यावर झोळी हलवीत बसलेली आपल्याकडची सहा वर्षांची पोर वर्गात पेंगली, तर तिला आळशी म्हणण्यापूर्वी एवढे पाहणे आले.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आपल्या बाजूचे मेळघाटातले धारणी त्यांपैकीच एक. शब्द अंगणवाडीच राहिला, कामे सहा झाली: पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, पुढच्या दवाखान्यात पाठविणे, आरोग्यशिक्षण आणि बालशिक्षण. कुपोषणाने मुले मरत होती. अन्न पुढे आले हे योग्यच झाले. पण ज्या गोष्टीसाठी शब्द जन्मला ती सहांतली एक झाली, आणि वजनासारखा तिचा आकडा वर कळवता येत नसल्याने मागे राहिली. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येते. जन्मजात व्यंग, ऐकणे, बोलणे, वाढीतला विलंब तपासते. आमच्या गल्लीतल्या मुलाच्या वेळी हे दार नव्हते. ज्याला आवाज आणि स्पर्श इतरांहून तीव्र भासतात असे मूल स्वमग्न असेलच असे नाही; तो निर्णय तज्ज्ञाचा. आमच्या आठवणीवरून आम्ही तो करू नये, श्रोत्यांनी शेजारच्या पोरावर तर मुळीच करू नये.

मात्र पथक एका दिवसात पाहून जाते. रोज पाहते ती सेविका. आमच्या माहितीतल्या एका बाईंनी वजनाच्या नोंदवहीची मागची कोरी पाने यासाठी ठेवली आहेत. कुठले पोर कशाला दचकले, कोणाला कुशीत घेतलेले आवडत नाही, सरकीच्या पाटीत प्रथम हात कोणी घातला, असे त्या लिहितात. ती पाने कोणी तपासायला मागत नाही. आम्ही मागितली, तेव्हा त्या आधी लाजल्या आणि मग तासभर त्यांवरच बोलत बसल्या.