पँथर जन्मला शेरीफच्या निवडणुकीत

आमच्या अभ्यासवर्गात एक प्रश्न हमखास येतो. ॲट्रॉसिटीची फिर्याद घ्यायला ठाणेदार टाळाटाळ करतो, तर मग अमेरिकेसारखा पोलीसप्रमुखच लोकांनी का निवडू नये? प्रश्नामागचा राग खरा आहे. पण निवडून आलेल्या शेरीफने तिथल्या कृष्णवर्णीयांचे काय केले, ते आधी पाहू.

मुंबईचा शेरीफ, म्हणजे नगरपाल, डोक्यातून काढा. ते सरकारने नेमलेले मानाचे पद. अमेरिकेतला शेरीफ हा काउंटीचा, आपल्या भाषेत जिल्ह्याचा, पोलीसप्रमुख. अटक, तुरुंग, कोर्टाचे हुकूम बजावणे, सगळे त्याच्या हाती. अलाबामा राज्यात तो चार वर्षांसाठी निवडला जातो आणि त्याची बदली होत नाही.

याच राज्यातल्या डॅलस काउंटीचा शेरीफ जिम क्लार्क. तिथे सुमारे 15,000 कृष्णवर्णीय मतदानास पात्र होते. यादीत नाव होते तीनशेच्या आसपास लोकांचे. क्लार्क कोटावर ‘कधीच नाही’ असा बिल्ला लावून फिरे. 7 मार्च 1965 रोजी सेल्माच्या पुलावर राज्य पोलिसांसोबत त्याचे घोडेस्वार स्वयंसेवकही निःशस्त्र मोर्चावर तुटून पडले. तो बेजबाबदार होता असे म्हणणे सोपे आहे. आमच्या मते तो आपल्या मतदारांना पुरेपूर जबाबदार होता, आणि ते मतदार जवळजवळ सगळे गोरे होते.

ऑगस्ट 1965 मध्ये मतदान हक्क कायदा आला. पुढच्याच वर्षी पक्षांतर्गत निवडणुकीत कृष्णवर्णीयांनी क्लार्कच्या विरोधात मते टाकली. त्यांच्या वस्त्यांतल्या सहा मतपेट्या बाद ठरवल्या गेल्या. संघराज्याच्या न्यायालयाने त्या मोजायला लावल्या आणि क्लार्क पडला.

शेजारच्या लाउंड्स काउंटीत तर पाचात चार माणसे कृष्णवर्णीय, आणि 1965 च्या सुरुवातीला यादीत त्यांचे एकही नाव नाही. मार्चमध्ये पहिली दोन नावे चढली, त्यातले एक जॉन ह्युलेट. नाव नोंदवले म्हणून जमीनमालकांनी कुळांना घराबाहेर काढले. ती कुटुंबे हमरस्त्याकडेला तंबूत राहिली. गावाचा बहिष्कार भोगलेल्यांना हे वेगळे समजावायला नको. स्टोकली कारमायकेल आणि त्यांच्या साथींच्या मदतीने लोकांनी स्वतःचा पक्ष काढला. निरक्षर मतदारांसाठी चिन्ह लागे. डेमोक्रॅटिक पक्षाचा कोंबडा होता, यांनी काळा पँथर घेतला. नोव्हेंबर 1966 मध्ये त्यांचा शेरीफपदाचा उमेदवार हरला. पण चिन्ह ओकलंडला ब्लॅक पँथर पक्षाकडे गेले आणि 1972 मध्ये मुंबईत दलित पँथरच्या नावात उतरले. आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे की हा पँथर मुळात शेरीफची खुर्ची मागायला निघाला होता?

1970 मध्ये ह्युलेट स्वतः शेरीफ म्हणून निवडून आले आणि 22 वर्षे त्या पदावर राहिले. ज्या खुर्चीची दहशत होती, तिथे आपला माणूस बसला. हे आम्ही लहान मानत नाही.

तरीही खुर्चीचा कायदा तोच राहिला. त्याच अलाबामातल्या मन्रो काउंटीत वॉल्टर मॅकमिलियन हा कृष्णवर्णीय माणूस न केलेल्या खुनासाठी सहा वर्षे फाशीच्या कोठडीत होता. 1993 मध्ये सुटल्यावर त्याने काउंटीवर दावा लावला. 1997 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 5 विरुद्ध 4 मतांनी सांगितले की कायदा राबवताना अलाबामाचा शेरीफ काउंटीचा नव्हे, राज्याचा प्रतिनिधी. म्हणजे मते काउंटीची, पगार काउंटीच्या तिजोरीतून, पण त्याच्या कृत्याची भरपाई काउंटीकडे मागायची सोय नाही. आणि राज्याला त्या कायद्याखाली भरपाईसाठी कोर्टात खेचता येत नाही.

बाबासाहेबांनी 4 नोव्हेंबर 1948 रोजी संविधान सभेत गावाऐवजी व्यक्तीला घटक मानल्याचे स्वागत केले, ते उगाच नाही. गावात बहुमत कोणाचे, हे त्यांना पक्के माहीत होते. तेव्हा पोलीसप्रमुख निवडून आणू म्हणणाऱ्या मित्रांनी आधी आपल्या तालुक्याची मतदारयादी घेऊन बसावे, आणि तो निवडणारे कोण असतील ते मोजावे.