सिमेटिडीन
सिमेटिडीन : जठरातील अम्लाचा स्राव रोखणारे एक संश्लेषित औषध. याच्या रेणूत इमिडॅझोल हे दोन नायट्रोजन अणू असलेले पंचघटकी विषमवलय असते. ग्राहीची संरचना अज्ञात असतानाही नैसर्गिक रेणूत हेतुपूर्वक बदल करीत औषधापर्यंत पोहोचता येते, हे याच्या इतिहासावरून दिसून आले.

पचनज व्रणावर १९७० पूर्वी अम्लनाशके, पथ्य व विश्रांती हेच मुख्य उपाय होते. व्रण चिघळल्यास जठराचा भाग कापून काढावा लागे. हिस्टामिनामुळे अम्लस्राव वाढतो हे ज्ञात होते. परंतु मेपिरामिनासारखी तत्कालीन हिस्टामीनरोधके तेथे निष्प्रभ ठरत. म्हणून हिस्टामिनाचा दुसरा ग्राही असावा, असे अनुमान करून जेम्स ब्लॅक यांनी १९६४ मध्ये स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच कंपनीच्या वेल्विन गार्डन सिटी (इंग्लंड) येथील प्रयोगशाळेत संशोधन आरंभिले. रासायनिक बाजू रॉबिन गॅनेलिन यांनी सांभाळली. सुमारे चार वर्षांनंतर ग्वानिलहिस्टामीन अंशतः रोधक असल्याचे आढळले. मात्र त्याच्या धनभारित ग्वानिडीन गटामुळे ग्राही उद्दीपितही होई. तेथे भाररहित थायोयूरिया गट आणून व शृंखला लांबवून ब्युरिमामाइड मिळाले (१९७२). तोंडावाटे दिल्यास ते पुरेसे परिणामकारक नव्हते.

येथे गणनेचा उपयोग झाला. इमिडॅझोल वलयावरील हायड्रोजन दोहोंपैकी कोणत्याही नायट्रोजनावर राहू शकतो. शिवाय वलय धनभारित रूपातही आढळते. या तीन रूपांचे परस्पर प्रमाण पार्श्वशृंखलेच्या इलेक्ट्रॉनीय परिणामावरून काढता येते. ब्युरिमामाइडाच्या बाबतीत ते हिस्टामिनाहून बरेच भिन्न निघाले. शृंखलेत गंधक व वलयावर मिथिल गट घालून ही तफावत कमी केली असता मेटियामाइड हे सुमारे दहापट प्रभावी संयुग तयार झाले. परंतु काही रुग्णांत रक्तातील श्वेत कोशिका धोकादायक प्रमाणात घटल्या. संशय थायोयूरिया गटावर गेला. पुन्हा ग्वानिडिनाकडे वळावे, तर ते तीव्र क्षारक! त्यास सायनो गट जोडल्याने क्षारकता जवळजवळ नाहीशी झाली आणि सिमेटिडीन सिद्ध झाले.

ते ब्रिटनमध्ये १९७६ साली व अमेरिकेत १९७७ साली विक्रीस आले. व्रणावरील शस्त्रक्रिया त्यानंतर झपाट्याने कमी झाल्या. ब्लॅक १९८८ च्या नोबेल पारितोषिकाचे एक मानकरी होते. या यशाचे श्रेय केवळ गणनेस देणे मात्र योग्य नव्हे. ब्युरिमामाइड हाती येईपर्यंत शेकडो संयुगे संश्लेषित करून तपासावी लागली होती. ग्राहीचे जनुक तर १९९१ मध्ये उपलब्ध झाले.

इमिडॅझोलाचा नायट्रोजन यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या एंझाइमांच्या लोहाशी बद्ध होतो. त्यामुळे वॉरफरिनासारख्या औषधांची रक्तातील पातळी वाढते. रॅनिटिडिनात (१९८१) या वलयाऐवजी फ्युरान वलय असल्याने हा दोष पुष्कळ कमी झाला. तथापि कर्करोगकारक असण्याची शक्यता असलेले एक नायट्रोसामीन त्यात आढळल्यामुळे अमेरिकेत ते २०२० मध्ये बाजारातून काढून घेण्यास सांगण्यात आले.