पडद्यामागचें दप्तर

नाटक संपलें कीं प्रेक्षक नटांचीं नांवें घेत घरीं जातो. कपडेपट, भाडें आणि पगार यांचे हिशेब ज्यानें जुळविले, त्या व्यवस्थापकाचें नांव कोणाच्या ओठीं येत नाहीं. रंगभूमीवरील हा जुना न्याय टेलिव्हिजनच्या नाटकालाहि लागू पडला. काळानें मात्र येथें उलट निवाडा दिला आहे. ब्रिटनमधील आरंभींच्या टेलिव्हिजन-नाटकांतील अभिनय बहुतांशीं हवेंत विरून गेला. मागें उरलें तें कचेरीचें दप्तर.

ता. २ नोव्हेंबर १९३६ रोजीं उत्तर लंडनमधील ॲलेक्झांड्रा पॅलेस येथून बी. बी. सी.ची नियमित टेलिव्हिजन-सेवा सुरू झाली. स्टुडिओ अवघे दोन. प्रक्षेपित होणारें दृश्य टिपून ठेवण्याची सोय नव्हती. नट कॅमेऱ्यापुढें बोलत असतांनाच त्याचें नाटक घरोघर दिसे. चुकलेलें वाक्य परत घेतां येत नसे. म्हणून साऱ्या अडचणींची तजवीज आधींच कागदावर करावी लागे. ग्रंथकाराची परवानगी, नटांचे करार, देखाव्यांचे आराखडे, कपड्यांची मागणी, कॅमेऱ्यांच्या जागा, यांतील एकहि कागद मागें राहिला तर ठरलेली घटका कोणासाठीं थांबणार नव्हती. तालमी बहुधा भाड्याच्या खोल्यांतून होत. तेथें जमिनीवर पट्ट्या चिकटवून भिंती व दारें दाखवीत. एका देखाव्यांतून दुसऱ्यांत धांवणाऱ्या नटाला वेळ मिळावा म्हणून इतर पात्रांच्या तोंडीं किती वाक्यें ठेवावयाचीं, याचाहि हिशेब असे.

ता. ११ नोव्हेंबर १९३७ रोजीं, युद्धविरामाच्या स्मृतिदिनीं, जॉर्ज मोर ओ'फेरल यांनीं आर. सी. शेरिफ यांचें 'जर्नीज एंड' हें नाटक सादर केलें. रणांगणाचीं दृश्यें त्यांनीं एका चित्रपटांतून घेतलीं होतीं. ता. १ सप्टेंबर १९३९ रोजीं महायुद्धाच्या छायेंत ही सेवा बंद पडली. ती ७ जून १९४६ रोजीं पुन्हा सुरू झाली. युद्धपूर्व काळांतील एकाहि संपूर्ण नाटकाचें मुद्रण आज उपलब्ध नाहीं.

युद्धानंतर एक वहिवाट रुळली. रविवारीं झालेलें नाटक त्याच नटसंचाला पुन्हा बोलावून गुरुवारीं दुसऱ्यांदा करावयाचें. नटाला दुसऱ्या प्रयोगाचें मानधन मिळे. त्यामुळें नटांच्या संघटनेला मुद्रित पुनःप्रक्षेपणाची धास्ती वाटे. चित्रपटपट्टीवरील मुद्रणहि त्या वेळीं सदोष असे. १९५३ सालच्या 'द क्वाटरमास एक्स्पेरिमेंट' या सहा भागांच्या मालिकेचे पहिले दोनच भाग मुद्रित झाले. उरलेले चार कायमचे गेले.

पुढल्याच वर्षीं ही वहिवाट कसोटीस लागली. ता. १२ डिसेंबर १९५४ च्या रविवारीं रुडॉल्फ कार्टिए यांनीं जॉर्ज ऑर्वेलच्या कादंबरीवरील 'नाइन्टीन एटी-फोर' सादर केलें. रूपांतर नायजेल नील यांचें होतें. प्रमुख भूमिका पीटर कुशिंग यांची. त्यांतील छळाच्या दृश्यांनीं मोठें काहूर उठलें. पार्लमेंटांतहि ठराव मांडले गेले. गुरुवारचा प्रयोग रद्द करणें सोपें होतें. तो रद्द झाला नाहीं. ता. १६ रोजीं नाट्यविभागाचे प्रमुख मायकेल बॅरी यांनीं स्वतः कॅमेऱ्यापुढें येऊन प्रास्ताविक केलें आणि नाटक ठरल्याप्रमाणें झालें. आज पाहावयास मिळतें तें याच दुसऱ्या प्रयोगाचें मुद्रण. वेळापत्रकाला जागलेल्या कचेरीनें एक कलाकृति वांचविली, असें म्हटल्यास तें वावगें होणार नाहीं.

बाकीच्या नाटकांच्या वांट्यास हें भाग्य क्वचितच आलें. त्यांचा माग काढणारे अभ्यासक रेडिंगजवळच्या कॅव्हरशॅम येथील बी. बी. सी.च्या लेखसंग्रहाकडे वळतात. तेथील संहिता, करार आणि अंतर्गत पत्रव्यवहार यांवरून नाटक कसें उभें राहिलें, त्यावर कोणते वाद झाले, हें जुळवितां येतें. नटाचा आवाज कोणत्याहि कागदांतून ऐकूं येत नाहीं, हें खरें. परंतु ज्या कारकुनानें तो कागद नीट लावून ठेवला, त्याच्या डोळ्यांपुढें इतिहास नव्हता. पुढच्या रविवारचें काम होतें. तें त्यानें चोख केलें, म्हणूनच गेलेल्या नाटकांची निदान हकीकत तरी शिल्लक राहिली.